चापावरचे बोट

करमणुकीच्या प्रत्येक नव्या साधनावर आरंभी रुष्ट व्हायचे, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. कादंबरी आली तेव्हा ती तरुण मने बिघडवील असे सांगणारे होते. नाटक, बोलपट, दूरदर्शन यांच्याही वाट्याला तेच आले. आज ते स्थान व्हिडिओ गेमने घेतले आहे. "त्या खेळात ठो ठो गोळ्या झाडण्यापलीकडे आहे तरी काय?" असे वडीलधारी मंडळी घरोघरी विचारतात. गंमत अशी की, खेळणारी मुलेही पुष्कळदा त्याच मताची असतात. 'किती मिशन झाली?' एवढेच ती एकमेकांना विचारतात. त्या मिशनांत काय घडले, कोण मेले, का मेले, याची चौकशी कोणी करत नाही. एका बाजूचा तिरस्कार आणि दुसऱ्या बाजूची घाई यांच्यामध्ये विचार करण्याजोगी एक गोष्ट हरवून जाते, असे मला वाटते. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

सगळ्याच खेळांचा परामर्श येथे घेता येणार नाही. म्हणून 'वेस्टर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळांपुरतेच बोलतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली पश्चिम अमेरिका, उजाड माळ, घोडे, दरोडेखोर, शेरीफ आणि कमरेला पिस्तूल, हे या प्रकाराचे नेपथ्य. आपल्याला ते अपरिचित नाही. रमेश सिप्पी यांचा १९७५ सालचा 'शोले' याच मुशीतून निघालेला आहे, आणि त्याचे रामगढ बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत उभे राहिले होते. योगायोग असा की, या प्रकारातला आजवरचा सर्वांत गाजलेला खेळ 'रेड डेड रिडेम्पशन २' रॉकस्टार या कंपनीने २०१८ साली काढला, तेव्हा तिच्या बंगळूरच्या शाखेतल्या भारतीय कारागिरांचाही त्याला हातभार लागला होता.

मिशन म्हणजे खेळाने आपल्यावर सोपवलेली कामगिरी. अमुक ठिकाणी जा, तमुक माणसाला गाठ, सांगितलेले काम उरकून परत ये, असे तिचे स्वरूप. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, या बंदुकीच्या खेळांतल्या ज्या कामगिऱ्या वर्षानुवर्षे मनातून जात नाहीत, त्या सहसा जिंकण्याच्या नसतात. बंदूक जिथे निरुपयोगी ठरते, किंवा बळ वापरल्याची लाज वाटते, अशा त्या असतात. आणि ही लाज चित्रपट पाहून होणाऱ्या दुःखाहून निराळी असते, कारण येथे चापावरचे बोट आपले असते.

कशेळीसारख्या गावात वाढलेल्याला हे विश्व फारसे परके वाटत नाही, त्याला कारण आहे. ठाण्याहून भिवंडीकडे येताना खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. जिथे पूर्वी भाताची खाचरे होती तिथे आता गोदामांची पत्र्याची छपरे दिसतात, आणि बैलगाडीच्या वाटेवर कंटेनर रांग लावून उभे असतात. एक जग संपले आणि दुसरे त्याच्या जागी येऊन बसले, हे येथे कोणाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. चांगल्या वेस्टर्न खेळांचा विषयही नेमका हाच आहे. अमेरिकेच्या १८९० सालच्या जनगणनेत असे नोंदवले गेले की, वस्ती आणि मोकळा मुलूख यांच्यामधली सलग सरहद्द आता दाखवता येत नाही. 'रेड डेड रिडेम्पशन'चे दोन भाग घडतात ते १९११ आणि १८९९ साली, म्हणजे ती सरहद्द पुसली गेल्यावर. तारायंत्र आले, कायदा आला, रेल्वे आली, आणि घोड्यावरचा माणूस कालबाह्य ठरला. आपल्याकडे तर आगगाडी त्यांच्या पश्चिमेहून आधी पोहोचली. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. अमेरिकेचा पूर्व-पश्चिम लोहमार्ग १८६९ साली जोडला गेला. तेव्हा काळाच्या चाकाखाली सापडलेल्या माणसाची गोष्ट समजण्यासाठी आम्हांला समुद्रापार जायला नको.

या खेळांचा उगम कोठे झाला, हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. तो वर्गात झाला. १९७१ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात शिक्षकी पेशाचे शिक्षण घेणाऱ्या तीन तरुणांनी, मुलांना इतिहास शिकवण्यासाठी 'ओरेगॉन ट्रेल' नावाचा खेळ तयार केला. त्याला चित्र नव्हते. संगणकाचा टंकलेखक कागदावर प्रश्न छापी आणि मुले उत्तर टंकत. १८४०च्या दशकात बैलगाड्या हाकीत पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबाला सुखरूप पोहोचवायचे, ही कामगिरी. पुढे १९८५ साली त्याची चित्रमय आवृत्ती निघाली आणि अमेरिकेतल्या एका पिढीने ती शाळेत खेळली. त्या पिढीला आज विचारले तर तिला शिकार आठवत नाही. आठवतो तो आमांशाने झालेला मृत्यू. पटकी, विषमज्वर, सर्पदंश यांनी घरची माणसे एकेक करून जात. मेलेल्याच्या थडग्यावर चार शब्द लिहिण्याची सोय होती, आणि त्याच संगणकावर नंतर खेळायला बसलेल्या मुलाला वाटेत ते थडगे भेटे. ज्या शत्रूला गोळी लागत नाही, त्याच्याशी या प्रकाराने पहिल्याच पावलाला गाठ घालून दिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता २०१० सालच्या 'रेड डेड रिडेम्पशन'कडे येऊ. जॉन मार्स्टन हा दरोडेखोरी सोडून शेती धरलेला माणूस. सरकारी अधिकारी त्याच्या बायकोमुलाला ओलीस धरतात आणि जुन्या साथीदारांना मारण्याची कामगिरी त्याच्यावर लादतात. या खेळातला एक प्रसंग खेळणारे हमखास सांगतात. नदी पार करून जॉन मेक्सिकोत शिरतो, घोड्यावर बसतो, आणि होजे गोन्झालेझ या स्वीडिश गायकाचे गाणे सुरू होते. आपण नुसते चालत राहतो, माळ मागे पडत राहतो. पडद्यावर करण्यासारखे काही नसताना मनात मात्र पुष्कळ घडते.

त्याहून मोठा धक्का शेवटी बसतो. कामगिरी पुरी करून जॉन घरी येतो. यानंतरच्या मिशनांत दरोडे नाहीत. गुरे वळायची, धान्यावरचे कावळे हाकायचे, रुसलेल्या मुलाला शिकारीला न्यायचे. घाई करणारा खेळाडू येथे कंटाळतो. पण हा कंटाळा हेच त्या माणसाने मागितलेले सुख आहे, हे ज्याच्या लक्षात येते त्याचा जीव आतून धास्तावतो. कारण सरकार दिलेला शब्द मोडते आणि फौज घरावर चालून येते. बायकोमुलाला घोड्यावरून पळवून लावून जॉन कोठाराचे दार उघडतो. समोर बंदुका रोखलेल्या माणसांची ओळ उभी आहे. खेळ क्षणभर काळ मंद करतो आणि नेम धरण्याची संधी आपल्या हातात देतो. चार-सहा जण पडतात, आणि उरलेले जॉनची चाळण करतात. हरायचे हे ठरलेलेच होते, तरी प्रयत्न आपल्याकडून करवून घेतला जातो. चित्रपटात हाच प्रसंग आपण पाहिला असता आणि रडलो असतो. येथे 'मला त्याला वाचवता आले नाही' असे मन म्हणते.

पुढे १९१४ साली त्याचा मुलगा जॅक त्या अधिकाऱ्याला नदीकाठी गाठून मारतो. अधिकारी निवृत्त झालेला आहे, बदकांची शिकार करीत बसला आहे. सूड पुरा होतो आणि मुलाच्या हाती पिस्तुलाखेरीज काही उरत नाही. बापाने ज्या आयुष्यातून त्याला वाचवण्यासाठी प्राण दिले, त्याच आयुष्यात तो शिरला, आणि त्याला तिथे आपणच नेऊन सोडले. २०१३ सालच्या 'कॉल ऑफ ह्वारेझ: गन्सलिंगर' या पोलंडमध्ये तयार झालेल्या खेळात हाच प्रश्न उघडपणे विचारला आहे. सायलस ग्रीव्ह्ज हा म्हातारा १९१० साली कॅन्सस राज्यातल्या एका दारूगुत्त्यात आपल्या पराक्रमाच्या कथा सांगतो. सांगता सांगता तो तपशील बदलतो, तसे आपल्या डोळ्यांसमोरचे दृश्यही बदलते. जन्मभर शोधलेला वैरी म्हणजे त्या गुत्त्याचा मालकच, हे शेवटी उघड होते. मारायचे की क्षमा करायची, हे खेळाडूने ठरवायचे असते. कथा ऐकणाऱ्यांत ड्वाइट नावाचा एक पोरगा आहे. तो म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवर. आपण काय करतो हे लहान पोरे पाहत असतात, ही सूचना मला तरी फार सूचक वाटली.

परंतु माझ्या मते या साऱ्यांत श्रेष्ठ कामगिरी 'रेड डेड रिडेम्पशन २'च्या आरंभीच्या भागात येते, आणि ती दिसायला अगदी क्षुल्लक आहे. नायक आर्थर मॉर्गन दरोडेखोरांच्या टोळीत आहे. टोळीतला स्ट्रॉस नावाचा इसम व्याजाने पैसे लावतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. कर्जदारांपैकी एक थॉमस डाउन्स. तो गरीब शेतकरी आहे, खोकून खोकून अर्धा झालेला. कुंपणापाशी त्याला गाठायचे आणि मारायचे. बटण दाबल्याखेरीज खेळ पुढे सरकत नाही. त्याची बायको आणि मुलगा धावत येतात. मार खाता खाता त्याला उबळ येते आणि रक्त आर्थरच्या तोंडावर उडते. एवढेच घडते. पुढे डाउन्स मरतो, आणि त्याच्या विधवेकडून उरलेली रक्कम आणायलाही आपल्यालाच पाठवले जाते. बऱ्याच काळाने आर्थर भर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतात, क्षय. तो कोठून आला हे सांगायला नको.

सावकार मराठी माणसाला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले, आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यात जमीन गमावून गिरणीच्या वाटेला लागलेल्या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. आजही राज्याला सावकारीच्या नियमनासाठी २०१४ सालचा अधिनियम बाळगावा लागतो. आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत आपण नेहमी शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून सावकाराच्या माणसाला येताना पाहिले. या खेळाने आपल्याला त्या येणाऱ्या माणसाच्या घोड्यावर बसवले. शिव्या देण्यासाठी समोर कोणी ठेवलाच नाही. नैतिक शिक्षणाचे कित्येक तास जे साधू शकत नाहीत, ते येथे काही मिनिटांत साधते, कारण प्रश्न 'तो असा का वागला?' हा उरत नाही. 'मी हे का केले?' हा होतो. 'खेळाने करायला लावले' हे उत्तर तोंडाशी येते खरे. पण स्ट्रॉसने सांगितले म्हणून केले, हेच आर्थरचेही उत्तर होते.

क्षयाची गोष्टही आमच्यापासून दूर नाही. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधले, पण त्यांना मारणारे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडले. या मधल्या काळात रोगाचे नाव कळे, औषध मिळत नसे. १८९९ सालचा आर्थर या काळातला, आणि आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशीही याच काळातल्या. ज्या वर्षांत पश्चिम अमेरिकेत पिस्तुले चालत होती, त्याच वर्षांत, १८८३ साली, ही मुलगी अमेरिकेला गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने तिचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आज सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि साधा क्षय सुमारे सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो. तरीही जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि दाटीवाटीने राहणाऱ्या, कोंदट जागेत राबणाऱ्या माणसांना तो अधिक गाठतो. भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाने आर्थरचा खोकला ऐकला, तर तो त्याला गोष्टीतला वाटत नाही.

मृत्यू ठरलेला कळल्यावर आर्थर बदलतो, आणि येथून पुढच्या कामगिऱ्या हिशेब चुकता करण्याच्या आहेत. तो स्ट्रॉसला तळावरून हाकलून देतो. डाउन्सच्या विधवेला शोधून पैसे देतो, पण तिच्याकडून क्षमा मागून घेण्याचा हक्क आपल्याला नाही, हेही त्याला उमगलेले असते. खेळाडूने आधी एका वृद्ध ननला मदत केली असेल, तर रेल्वे स्थानकावर ती पुन्हा भेटते, आणि हा आडदांड माणूस तिच्यापाशी कबूल करतो की आपल्याला भीती वाटते. अखेरच्या पाठलागात त्याचा घोडा गोळी लागून पडतो. मागून माणसे येत आहेत, क्षण मोलाचा आहे, तरी तो थांबतो, घोड्याच्या मानेवर हात ठेवतो आणि त्याचे आभार मानतो. पोळ्याला बैलापुढे हात जोडणाऱ्या आपल्या माणसांना या हावभावाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, एका डाउन्ससाठी अश्रू ढाळणारा हा खेळ अध्येमध्ये शेकडो माणसे आपल्या हातून मारवतो आणि त्यांची नावेही सांगत नाही. हा आक्षेप खरा आहे. ज्याला चेहरा दिला त्याच्यासाठी आपण हळहळतो, बाकीचे मोजणीत जातात. दुसरा आक्षेप आणखी गंभीर. जमिनीखाली तेल आहे म्हणून हुसकावल्या जाणाऱ्या मूळ रहिवाशांची कथा या खेळात आहे. त्यांचा म्हातारा प्रमुख आणि त्याचा तरुण मुलगा ही पात्रे मनाला चटका लावतात. पण ती कथाही आपण गोऱ्या आर्थरच्या डोळ्यांनीच पाहतो. ज्यांची जमीन गेली त्यांना स्वतःची कामगिरी मिळत नाही. तिसरा आक्षेप पालकांचा. हे खेळ मुलांसाठी नाहीत, आणि कंपनीही ते अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी म्हणूनच विकते. शाळकरी पोराच्या हाती ते देणे चूकच. परंतु या तिन्ही आक्षेपांतून खेळ निर्बुद्ध आहेत असे निष्पन्न होत नाही. आक्षेप घेण्याइतका त्यांत आशय आहे, एवढेच सिद्ध होते. पोकळ वस्तूवर कोणी इतका वाद घालीत नाही.

मग हे सारे महाविद्यालयाच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण पदवी हाती पडताच खाडीच्या या किंवा त्या तीरावर नोकरी शोधणार आहेत. गोदामात हिशेबनीस, पहारेकरी, माल पोहोचवणारे, आणि होय, हप्ते थकलेल्यांना फोन करणारे किंवा त्यांच्या दारी जाणारे वसुलीवाले. ही कामेही आपल्याला 'टार्गेट' म्हणून, म्हणजे मिशनच्याच भाषेत सोपवली जातील. अमुक पत्ता, तमुक नाव, एवढी रक्कम. समोरचा माणूस खोकतो आहे की नाही, हे कागदावर लिहिलेले नसेल. पोट आहे, तेव्हा नोकरी करावीच लागेल. मी कोणाला उपदेश करू इच्छित नाही. पण सोपवलेले काम आणि आपले बोट यांच्यामध्ये क्षणभराचे अंतर असते. ते ओळखण्याची सवय ज्या कलेने लागते ती, कादंबरी असो की खेळ, फुकटची नव्हे.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या वाङ्मय मंडळाने कथेवर आणि नाटकावर जशी चर्चा ठेवतो तशी एखादी चर्चा या खेळांवरही ठेवावी. प्राध्यापकांनी त्यात प्रश्न विचारावेत आणि विद्यार्थ्यांनी 'किती मिशन झाली' याऐवजी 'कोणते मिशन विसरता येत नाही आणि का' याचे उत्तर द्यावे. उत्तरे नीट ऐकली, तर मुले पडद्यापाशी बसून नुसत्या गोळ्याच झाडत नव्हती, हे वडीलधाऱ्यांना कळेल. आणि कदाचित मुलांनाही ते तेव्हाच प्रथम कळेल.